चौथा रकाना

मोहाडीच्या बागेत सुमन भोये
द्राक्षाचा घड मगात बुडवते,
तीन मोजते, सोडते.
मणी फुगवायचं संप्रेरक
कोपरापर्यंत निथळतं.

मी फॉर्म घेऊन बांधावर.
रकाना चौथा : व्यवसाय.
"काई नाय, घरीच असते," म्हणते
आणि पुढचा घड बुडवते.

पाळी?
"छाटणीपासून धरली तर दोनदा चुकली."
ती महिने छाटणीपासून मोजते.
माझ्या तक्त्यात छाटणी नाही.

रात्री कॉलेज रोडच्या खोलीत
पुस्तक उघडते : सुरक्षित मात्रा.
कुणासाठी, ते तळटीपेत सापडतं.
सत्तर किलोचा एक पुरुष,
हातमोजे घातलेला, रात्री पुरेसा झोपलेला.
सुमन अडतीस भरली.
काट्यावर चढताना तिनं चप्पल काढली होती,
देवळात शिरावं तशी.

दिंडोरीच्या दवाखान्यात सांगितलं,
दोन पोरं झालीत, पिशवी काढून टाका.
मुकादम म्हणाला, बाईचं शरीरच नाजूक,
आणि वीस लिटरचा कॅन
तिच्या डोक्यावर चढवला.

निघताना तिनं विचारलं होतं,
"ताई, कोणत्या ओळीला किती औषध, कोणत्या तारखेला,
सगळं मालक वहीत लिवतो.
माल परदेशी जातो ना.
माझं कुठं लिवत्यात?"

रात्रीचे दोन.
चौथ्या रकान्यातलं 'घरीच' खोडते.
लिहिते :
आज चारशे दहा घड.
दोन्ही हात.