लाभ, दोन, तीन

सहाला दहा कमी. जुमा हॉर्न देतो फलजच्या वळणावर,
आणि मी बसच्या पायरीशी उभी.
पाटी नाही, खडू नाही.
एकेक बूट वर चढतो, तशी मोजते:
लाभ,
दोन,
तीन...

पहिल्याला एक म्हणायला जीभच वळत नाही.
बापूंनी भात मापताना कधी म्हटलं नाही.
पहिली पायली ओतली की लाभ, मग दोन.
इथे सोहारात खळं चाकांवर आहे,
आणि धान्य गळ्यात पाण्याची बाटली अडकवून
जांभया देत चढतं.

केजीच्या मिस फ्लावियाने डायरीत लिहिलं:
झियान मुकादम वनला लाभ म्हणतो, घरी लक्ष द्यावे.
त्याच्या आईने दारातच मला वाचून दाखवलं, हसत.
मुकादम खेडचे.
त्यांच्याकडेही माप लाभनेच सुरू होतं.

सिग्नलला थांबलो की खिडकीत वर्ग भरतो.
पुढच्या पिकअपच्या पाटीवर जुमाचा पाच, नुसता गोल.
हे तर शून्य! अन्विता ओरडते.
मग त्याचं शून्य कुठंय?
ते टिंब.
एवढुसं?
काहीच नसेल तर जागा किती लागणार, जुमा म्हणतो
त्याच्या मोडक्या हिंदीत, आरशात बघून.
त्याचा सात म्हणजे उघडी चोच, आठ म्हणजे तंबू.
मी धुळकट काचेवर बोटाने आपला एक काढला,
सगळी म्हणाली नऊ.
चार काढला, आठ म्हणाली.
असू दे, म्हटलं, आकडा कुणाचाही असो, बोटं तेवढीच.
इलियासने लगेच आपली मोजून बघितली.
एक बोट दारात चेमटलंय माझं, ते अर्धं धरू?
पूर्ण धर, म्हटलं.

विसाच्या अलीकडे मात्र सगळी अडखळतात.
अठरा, आणि थेट उडी.
एकोणीस म्हणजे काय गं मावशी?
एक, ऊन, वीस. ऊन म्हणजे उणं, कमी.
आमच्या बाई फळ्यावर असा फोडून दाखवायच्या शब्द.
मी पाठ केला होता.

जूनमधला मंगळवार. शाळेच्या फाटकात पोरं उतरली,
शेवटचा बूट खाली आला
आणि माझ्या तोंडात एकोणीस.
चढताना वीस होते.
जुमाने इंजिन बंद केलेलं, किल्ली बोटात फिरत होती.
चल, म्हणाला, चहा.
मी परत मोजले, भिंतीशी उभे करून,
एकेका डोक्यावर हात ठेवत.
एक, ऊन, वीस.
पावणेसात फक्त, पण दाराची दांडी तापायला लागलेली,
दुपारी तिच्यावर भाकरी भाजेल.
ऊन म्हणजे ऊनसुद्धा, बाई,
हे तुम्ही फळ्यावर लिहिलं नव्हतं.

आत गेले. बाक, बाकाखाली, बाक, बाकाखाली.
सर्वांत मागे, पालथा पडून,
झियान बाकाचे स्क्रू मोजत होता.
मी दप्तर धरून ओढलं तर हात वर केला:
थांब ना मावशी, चुकेल माझं.
सोळा झालेत.

थांबले.
गुडघे टेकले. खाली वाळू, कुणाचे तरी कालचे चिप्स.
सतरा, म्हणाला तो. अठरा.
बोट पुढच्या स्क्रूवर नेलं आणि माझ्याकडे बघितलं,
नेहमी मी सांगते म्हणून.
माझा आवाज फुटेना.
एकोणीस, त्याचं त्यानेच म्हटलं.
पुढच्या भोकात स्क्रू नव्हता.
त्यात त्याने बोट घातलं
आणि म्हणाला, वीस.

तेव्हापासून मी लाभ दोनदा म्हणते,
चढणाऱ्या पहिल्याला
आणि उतरणाऱ्या शेवटच्याला.
मिस फ्लावियाच्या कानावर
हे अजून गेलेलं नाही.