सदतीस

हॅलिफॅक्सच्या नगरपालिकेत एकोणीस वर्षं
मी लोकांना नको असलेले आवाज मोजले.
कुत्री, ड्रिल, एका बाईचा कोंबडा,
आणि टेंटर लेनच्या तळघरातलं
'द ब्लू केटल'.

फायलीतला पहिला कागद एकसष्ट सालचा :
चहाचं गोदाम, नाचगाण्याचा परवाना हवा,
अर्जदार विनिफ्रेड स्टॅनक्लिफ, विधवा.
शेरा : भिंती जाड आहेत. हरकत नाही.

पियानो जिन्यातच अडकला
आणि दोन वर्षं तिथेच वाजत राहिला,
माणसं त्याच्या पोटाखालून वाकून आत जायची.
गिरणीतून सुटलेली पोरं, अंगाला लोकरीचा वास.
डोमिनिकाहून आलेला क्लेव्हरी,
ज्याच्या ड्रमना चार पबनी दार लावलं
आणि विनीने किल्लीच दिली.

गिरण्या गेल्या तेव्हा तिकीट अर्ध्यावर आलं,
आवाज दुप्पट झाला.
तीही तक्रार आहे, पाद्र्याची,
फार सुवाच्य अक्षरात.

मी गेलो तो यंत्र घेऊनच.
ऐंशीची विनी दाराशी स्टुलावर.
"मिस्टर डेग,"
(डेगवेकरांपैकी एवढंच तिच्या तोंडात मावायचं)
"आकडा मग लिही. आधी कोट काढ."
मी कोट काढला नाही.
तळव्यांतून बेस चढला, गुडघ्यांत, बरगड्यांत,
आणि मग कुणी एक मुलगी
इतकं हळू गायली
की यंत्राने तिला धरलंच नाही.

शेजारच्या गोदामाचे फ्लॅट झाले.
जाहिरात होती : गाण्याबजावण्याच्या गल्लीत घर.
सहा महिन्यांत सतरा तक्रारी.
रात्री पावणेबाराला
परक्या माणसाच्या पलंगाच्या कडेवर बसून
मी कानात प्राण आणून ऐकलं.
सदतीस.
मर्यादा चौतीस.
तीन म्हणजे किती?
कुणी कूस बदलली तर होतं तेवढं.
लिहिलं. सही केली.

आता तिथे सायकली ठेवतात.

विनीला निरोप द्यायला मी मागच्या रांगेत होतो.
क्लेव्हरी काठी टेकत पुढे आला,
काठी मुलाकडे दिली,
आणि पेटीच्या लाकडावर
दोन बोटांनी ठेका धरला.
पाद्री थांबला. खोकणारे थांबले.
किती भरला असेल, कुणास ठाऊक.
माझा कोट
मांडीवर घडी करून ठेवलेला होता.