नमुना

बर्फाच्या डब्यात तीन बाटल्या.
तिन्हींवर माझंच गिचमिड अक्षर: तळेवाडी.
खाडे मॅडम चष्मा कपाळावर ढकलतात,
"यातली कुठली कुठली?"

नाव पेन्सिलीनं लिहिलं होतं,
तालुका नंतर आठवला, तो शाईच्या पेनानं.
पोवई नाक्यापर्यंत येता येता बर्फ वितळला,
तालुके वाहून गेले. नाव तेवढं राहिलं.

मी एकेक उजेडात धरतो.

ही पाटणची.
हिरवट झाक आहे बघा, पाला कुजल्याचा वास.
तिथं तळ्याला घाट नाही,
उंबराच्या मुळावर पाय देत उतरावं लागतं.
बाळकू मल्लाव होडी पालथी घालून डांबर लावत होता.
"आमच्या पाण्याला काय झालंय?" म्हणाला,
आणि डांबराच्याच हातानं ओंजळ भरून पिऊन दाखवली,
मी पंचनाम्याला आल्यासारखी.

ही खटावची. हलवू नका मॅडम,
तांबडा गाळ आहे, बसायला तासभर घेतो.
तळं आधी की वाडी आधी
यावरून तिथं पारावरचे दोन म्हातारे
गेली नऊ वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत.
दोघांच्याही मोटारींचे पाइप मात्र
एकाच खळग्यात तोंड घालून असतात, गुरांसारखे.

तिसरी?
तिसरी माणची.

कंडक्टर विचारतोच, "कुठली तळेवाडी?
पाण्याची का बिनपाण्याची?"
बिनपाण्याची म्हटलं की तिकीट हातात.
फाट्यावरून पुढं चालत.
तळ्याच्या मधोमध, भेगांवर,
बोरीच्या काट्यांचं कुंपण करून
सोनाबाई वीरकर कोकरं सांभाळत बसलेली.
मावशी, तळं कुठाय?
"ह्यातच तर बसलीया."

नमुना न्यायचाय म्हटल्यावर
तिनं माझ्या हातातली बाटली घेतली, झाकण काढलं,
वाऱ्याकडं तोंड करून थोडा वेळ धरली,
आणि घट्ट बंद करून परत दिली.
"न्या. सध्या ह्येच हाय.
अन् नाव नीट लिवा, बाबा.
मागल्या साली आमचा टँकर
त्या दुसऱ्या तळेवाडीला गेला.
तिथली बायामाणसं म्हनं टँकर बघून हसली.
पर रिकामा करून घेतलाच."

मॅडम हसत नाहीत. नोंदवही ओढतात.
रंग, वास, गढूळपणा.
दोन तळेवाड्या भरून होतात.
तिसऱ्या ओळीवर पेन थांबतं.
"रिकामी बाटली कशी तपासू?
कशाला आणलीत?"

मलाही नीट सांगता येत नाही.
फिरतीचा भत्ता तिन्हीचा लावलाय, हे एक.
दुसरं, डब्यात जागा तिघींची होती.

बाटली परत घ्यायला हात पुढे करतो,
तर काचेला आतून
बारीक दव धरलेलं.
माणचं ऊन बंद करून आणलं होतं,
बर्फात राहून त्याला एवढा घाम फुटला.

मॅडम ती खिडकीशी नेतात,
तिरपी करतात.
एक थेंब कसाबसा घरंगळतो
आणि अर्ध्या वाटेत थांबतो.

तिसऱ्या ओळीत त्या लिहितात:
तळेवाडी. नमुना अपुरा.
मग मान वर न करता विचारतात,
"तालुका?"