एक रुपया येणे

खिसा आधी फाटतो तो उजवा.
शिंपी विचारतो, रोहिदास, काय भरतोस यात?
मी काढून दाखवतो:
मिटलेला, बोटभर, सांबरशिंगी मुठीचा.
तो अर्धं पाऊल मागे सरतो.
मग त्याच्याच सदऱ्याला लोंबणारा दोरा
मी कापून देतो.

घरी अजून पंचवीस आहेत,
बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, खोबरेल लावलेल्या फडक्यात.
दिवाडीच्या वाऱ्याला लोखंड आवडतं,
आठ दिवस पाठ फिरवली
की पात्यावर कॉफीचे ठिपके.
म्हणून फेरीबोटीवर पाळी नसते त्या दिवशी
बलकांवावर बसून एकेक उघडतो.
हा फ्रेंच, मानेतलं कडं फिरवल्याशिवाय मिटत नाही.
हा कलमं बांधणाऱ्याचा, पात्याला चोच.
हा मयेच्या लोहाराने ट्रकच्या पाट्यातून ठोकलेला,
ओबडधोबड,
पण धार धरून बसतो सगळ्यांत जास्त दिवस.
एकाचं पातं घासून घासून इतकं अरुंद झालंय
की आधीचा मालक किती फळं खाऊन गेला
ते कळतं.
बायको म्हणते, सव्वीस सुऱ्या घरात
आणि मी कांदा चिरते आदोळीवरच.

कोणाला मारायचंय, असं लोक विचारतात.
वीस वर्षांत काय कापलं ते सांगतो:
सुंभ. मानकुराद. पावाची लादी.
पंख्यात अडकलेलं कोणाचं तरी जाळं, पाण्यात मान घालून.
नवरदेवाच्या बुटावरचा किमतीचा कागद,
बोट काठाला लागता लागता.
आणि एकदा माझाच अंगठा,
पण तो हिशेबात धरत नाही.

शिंगाचा दिला इनास बार्रेटोने.
जहाजावर फिटर होता, दर बंदरात एक घ्यायचा,
बायकोला साबण आणि स्वतःला चाकू.
शेवटच्या खेपेहून आला तो थेट फेरीच्या लोखंडी फळीवर
हातात ठेवला माझ्या,
आणि म्हणाला, म्हाका एक रुपयो दी.
फुकट दिलेली सुरी दोस्ती कापते म्हणे,
कुठल्या तरी थंड बंदरातल्या म्हाताऱ्याने त्याला शिकवलेलं.
माझ्या पिशवीत तेव्हा तिकिटांचा गल्ला, तो सरकारचा.
माझ्या खिशात काहीच नाही.
फाल्यां दितां, म्हटलं.
ते फाल्यां अकरा वर्षं चाललं.
दिसला की बोट नाचवायचा, रुपयो!
आणि मी मुद्दाम द्यायचो नाही.
देऊन टाकला असता
तर काठावरून ओरडला काय असता?

मे महिन्यात त्याची झेल्मा आली लिस्बनहून,
घराचे कागद करायला.
जाळीच्या दाराशी उभी, हातात त्याची वही:
तेलाची तारीख, दगडाची तारीख, बंदराचं नाव,
आणि पानाच्या तळाशी, दरवर्षी नव्याने लिहिलेलं,
रोहिदास, १ रु. येणे.
बाकीचे चाकू तिने टेबलावर ओतले.
हे मिटतात कसे, एवढंच विचारलं.
मी दाखवलं:
आतली पट्टी अंगठ्याने सरकव, बाकीची बोटं वाटेतून काढ,
घाई करू नको,
आवाज येईपर्यंत थांब.
टक्.
तिने पुन्हा उघडला. पुन्हा टक्.
चौथ्यांदा तिचे डोळे भरले, तेव्हा मी
फेरीकडे बघत बसलो.

निघताना पाच रुपयांचं नाणं ठेवलं तिच्या तळहातावर.
ती ऐकेना. चार परत घ्यायचे म्हणजे घ्यायचेच,
बापाची मुलगी.
पर्स उलटी केली: परदेशी चिल्लर, बसचं तिकीट,
एक, दोन,
आणि तळाच्या शिवणीत अडकलेला तिसरा.
शिवण मी कापली, रुपया काढला.
चौथा मिळेना.
भोंगा वाजला. ती फळीवरून आत गेली,
मधोमध पाण्यात असताना वळली
आणि दोन्ही हातांचा कर्णा करून ओरडली,
एक रुपयो!
फाल्यां!

वही माझ्याकडेच राहिलीय.
लिहून ठेवलंय.