चावी देण्याआधी

प्रणिता, बस. चहा होईपर्यंत सांगते.
पुस्तिका डिकीत आहे, वरचं प्लास्टिकसुद्धा फाडलेलं नाही.
तिच्यात सेलूचं काही लिहिलेलं नाही.

ऐंशीच्या पुढं स्टीअरिंग थरथरलं
तर लगेच अलाइनमेंटला पळू नको.
मी पळाले होते. सातशे रुपये गेले,
थरथर तशीच.
मग सलाउद्दीन मिस्त्रीनं चाकाच्या आत हात घातला
आणि भाकरीएवढं ढेकूळ काढून माझ्या तळहातावर ठेवलं:
"काळी माती, मॅडम. वावरातून वळवली असंल."
वळवली होती. भाद्रपदात, मावशीच्या आखाड्यावर,
एकदाच.
ती वाळली की दगडापेक्षा हट्टी.
लाकडी उलथन्यानं खरवड.

दिवाळीपासून जिनिंग सुरू होतात.
पिंज उडते, समोरच्या जाळीत जाऊन बसते,
एसी गार करायचा थांबतो
आणि लोक गॅस भरून घेतात.
गॅसला काही झालेलं नसतं गं,
जाळीनं शाल पांघरलेली असते.
मऊ ब्रश घे, वरून खाली.
जोराचं पाणी मारू नको,
पत्र्याच्या बारीक पापण्या दुमडतात.

बोअरचं पाणी तिला पाजायचं नाही.
आपल्या पातेल्याच्या बुडाला जे पांढरं धरतं
ते तिच्याही पोटात धरतं.
हिरवं कूलंट मिळतं, तेच.

स्क्रीन गोठली तर आवाजाचं बटण
दहा सेकंद दाबून धर. दहा म्हणजे दहा.
गजेंद्र सातालाच सोडेल
आणि म्हणेल, खराब आहे.

शेजारच्या सीटवर कलिंगड ठेवलंस
तर पट्टा लावा म्हणून ओरडत सुटते.
लावायचा मग. कलिंगडाला.

आता तो नारिंगी दिवा. हा नीट ऐक.
शाळा, भाजी, बँक, घर,
एवढंच फिरवलंस तर लागणार.
धुराच्या गाळणीत काजळी साचते.
घाबरायचं नाही, गाडी मोठ्या रस्त्याला काढायची,
काटा दोन हजारांच्या वर, वीस मिनिटं,
मध्ये बंद करायची नाही.
आतली काजळी आपोआप जळून जाते.

मला हा दिवा माहीतच नव्हता.
बावीस महिने लागलाच नाही.
मंगळवार, गुरुवार, शनिवार,
सेलू ते परभणी, पहाटे पाचला,
सातच्या मशीनला आमचा नंबर.
सर शेजारी. त्यांना गाडी येत नव्हती
पण ब्रेक तेच मारायचे,
ट्रक दिसला की उजवा पाय मॅटवर.
येताना डोळा लागायचा,
झोपेतही मारायचे.

पौषात लागला दिवा.
मिस्त्री म्हणाला, "गाडी लांब जात नाही का आता?"
म्हटलं, नाही.

मग निघाले एकटीच, त्याच्या सांगण्याप्रमाणे.
मानवत रोडचं फाटक यायच्या आधीच विझला.
तिथूनच वळायला हवं होतं.
परभणीत दवाखान्याच्या दारी
रखवालदारानं सवयीनं साखळी काढली,
माझ्याकडं बघितलंही नाही.
आत नेली. झाडाखाली वळवली. परत आणली.

डाव्या बाजूच्या मॅटला भोक पडलंय,
गजेंद्रनं मघाशी त्याचे पाचशे कमी करा म्हटलं.
करते. नवी टाका खुशाल.
जुनी तेवढी काढून इथं पायरीवर ठेवून जा.

आणि चाव्या दोन आहेत.
ही दुसरी त्यांच्या सदऱ्याच्या खिशात असायची,
हिचा सेल संपलाय.
कधी अडलंच तर हीच स्टार्टच्या बटणाला टेकव,
सेल नसला तरी गाडी ओळखते.

चहा बघ गं जरा.
साखर टाकली की नाही
ते आता आठवत नाही मला.