जबाबात न लिहिलेलं

साहेबांनी एवढंच विचारलं : ऑफसाइड होता का?
मी म्हटलं, होता.
दीड हात पुढे. मुबारक तडवीचा मुलगा, सात नंबर,
पायात दुसऱ्याचे बूट, पंजात कापूस कोंबलेला.
टायपिस्टनं लिहिलं : होता.

एकतीस वर्षं मालगाडीचा गार्ड होतो मी भुसावळला.
हिरवं दाखवलं की साठ डबे हलायचे,
लाल दाखवलं की थांबायचे.
निशाणाचं ऐकतात, एवढंच मला ठाऊक होतं,
तेही लोखंडाबद्दल.

पूर्वी लोकोशेड विरुद्ध ऑर्डनन्स असायची फायनल.
शिव्या व्हायच्या, एकदा नाकही फुटलं होतं माझं,
पण चहा एकाच किटलीतला.
या खेपेला वॉर्ड नऊ विरुद्ध वॉर्ड चौदा.
पाठीवर नंबर, छातीवर चेहरे,
एकीकडे भाऊ, एकीकडे अण्णा, दोघांचे हात जोडलेले.
पोरानं बॉल छातीवर घेतला
की भाऊंच्या तोंडाला माती लागायची
आणि समोरचा स्टँड टाळ्या पिटायचा.
मीही हसलो होतो. हे जबाबात नाही.

आदल्या दोन रात्री भरीत-पुरीच्या पंगती,
नऊला मळ्यात, चौदाला शाळेच्या पटांगणात.
वांगी एकाच बाजारातली.

आता दगडांचं सांगतो.
त्या मैदानात दगड नाहीत.
चुन्याच्या रेघा मी स्वतः ओढतो, मला माती माहीत आहे,
काळी, भेगाळलेली, हातात चुरा होणारी.
पडले ते खडीचे होते. रुळाखालची खडी,
धारेची, अंगठ्याला लागली की महिनाभर आठवण देणारी.
ती चालत येत नाही.
दुपारी तीनला केळीच्या टेम्पोत मी ती पाहिली,
वर पानं झाकलेली, ओली, ताजी,
मला वाटलं मांडवाचं काही असेल.
माझं निशाण वर गेलं पाच वाजून दहा मिनिटांनी.

तीन आणि पाच-दहा.
साहेब, मी म्हटलं, हे लिहा.
टायपिस्टची बोटं हवेत थांबली.
साहेब म्हणाले, नेहेते, विषयाला धरून बोला.

उत्तरेचं फाटक साखळीनं बंद होतं.
बाहेर लागून पांढरी गाडी,
ड्रायव्हर चावी खिशात घालून जेवायला गेलेला.
त्या फाटकाशी सहा, स्टँडखाली दोन,
एक दवाखान्याच्या पायरीवर.
इद्रिस टेलर, दोन्हीकडचे शर्ट ज्यानं शिवले,
उधारी दोन्हीकडे बाकी.
फालकांची जागृती, नववीतली,
निशाण वर जायच्या आधीच ओरडली होती : ऑफसाइड!
माझ्यापेक्षा तिची नजर चांगली.
सुपडू, शेंगदाणेवाला.
बाकीच्यांना मी चेहऱ्यानं ओळखत होतो, नावं पेपरात वाचली.

भाऊ आले एका दारानं, अण्णा दुसऱ्या.
फोटोत दोघं एकाच खाटेशी वाकलेले दिसतात.
महिन्यानं निकाल लागला, दोनशे बारा मतांनी.
कोणाचा, ते सांगत नाही,
टेम्पो दोघांकडेही आहेत.

रात्री दोनची मालगाडी निघते तेव्हा
अंथरुणात माझा हात आपोआप उठतो.
दीड हात होता का एक?
संध्याकाळ, सावल्या लांब.
मी तसाच पडून पुन्हा तीन वाजतो, पुन्हा पानं बघतो,
आणि दर खेपेला पुढं निघून जातो.

परवा सुपडूची आई आली.
म्हणाली, भो, ते ऑफसाइड म्हणजे काय असतं, मले सांग.
तिच्याच टोपलीतले दाणे घेऊन
मी पायरीवर मांडून दाखवलं :
हा गोलकीपर, हे यांचे, हे त्यांचे,
आणि हा पोरगा, एवढा पुढं.
ती बराच वेळ बघत राहिली.
एवढ्यासाठी?
मी म्हटलं, नाही मावशी, एवढ्यासाठी नाही.
मग तिनं दाणे गोळा केले,
पुढं गेलेला तो आधी उचलला.