डावा कोपरा

जिनिंगच्या आवारात, कापसाच्या गाड्या जिथं रिकाम्या होत,
तिथं हंगाम संपला की आम्ही कोर्ट आखायचो.
चुना शाळेतला, उचललेला.
रिंग लोहाराकडून वाकवलेली,
नियमापेक्षा बोटभर लहान.

शालिक पंधरे. पाच फूट पाच इंच.
ड्रिलचे सर म्हणत, "बुटक्या, कबड्डी पाय."
तो मान हलवायचा आणि चेंडू आपटत निघायचा
सरकीच्या ढिगाला वळसा घालून,
मुनिमाच्या टेबलाखालून,
इतका खालून की चेंडूला उडायलाच जागा नसे.

मी उंच होतो. तेवढाच होतो.

एकोणनव्वद साल, यवतमाळ, जिल्ह्याची फायनल.
एका गुणानं मागे. चार सेकंद.
मी डाव्या कोपऱ्यात,
हात छातीसमोर उघडे,
आसपास कुत्रंही नाही.
त्यानं पाहिलं.
पाहिलं हे मी पाहिलं.
आणि तो आत घुसला, तिघांच्या मधून, एकटा.
चेंडू रिंगच्या मागच्या कडेला लागून
पहिल्या ओळीतल्या कोणाच्या तरी मांडीत पडला.

परतीच्या एसटीत तो माझ्याच शेजारी.
कळंबपर्यंत कोणी बोललं नाही.
कळंबला त्यानं भजी घेतली,
कागद दोघांच्या मध्ये ठेवला.

पुढचं सगळं मला पेपरातून, आणि त्याच्या बहिणीकडून.
खेळाडू कोट्यातून रेल्वे, बिलासपूर.
तिथल्या रिंगा म्हणे विहिरीएवढ्या वाटल्या त्याला.
मग चेन्नईची एक बँक. मग उजवा गुडघा,
एकदा फाडला, पुन्हा फाडला.
मग पटियाला, शिट्टी, डिप्लोमा.
सात वर्षं दुसऱ्याच्या हाताखाली:
पोरांचे घोटे बांध, बाटल्या भर,
रात्री हरलेल्या मॅचा मागे-पुढे करून बघ.
मग एका पगारी संघाचा मुख्य कोच,
करार वर्षाचा, कोट उसन्या मापाचा.
पारावर लोक म्हणत,
"खेळत नाही काही, नुसता ओरडते,
अन् त्याचे पैसे भेटते!"

मी त्याच जिनिंगात. काटा आता इलेक्ट्रॉनिक.
एका रात्री ट्रॅक्टरांची लाइन लागलेली
आणि माझ्या मोबाइलवर त्याची मॅच.
एका गुणानं मागे. टाइमआउट.
कॅमेरा पार घोळक्याच्या आत गेला.
शालिक गुडघ्यावर, त्याच गुडघ्यावर,
पाटीवर मार्करनं रेघा ओढतोय,
आणि ओरडतोय, "लोणारे! लोणारे खेळा!"

लोणारे मी.

पंजाबच्या सेंटरनं मान डोलावली.
अमेरिकेतून आणलेला गार्ड म्हणाला, "लोनारी, ओके."
म्हणजे त्यांना पाठ होतं.
म्हणजे कित्येक सकाळी, कुठल्याशा थंड हॉलमध्ये,
माझं आडनाव घोकून घेतलं होतं त्यानं.

चेंडू आत गेला, तिघे धावले,
आणि तो बाहेर आला डाव्या कोपऱ्यात,
केरळच्या एका काटकुळ्या पोराकडे.
आसपास कोणी नाही.
"ओ भाऊ, वजन सांगा ना!" मागून हॉर्न.
माझे दोन्ही हात छातीसमोर होते,
फोन कधीच सरकीत पडला होता.

हुकलं.
बुधवारी त्याला काढल्याची बातमी आली.

मार्चात आला. केबिनमध्ये बसला, पाय लांब करून.
मी म्हणालो, "पोट्टं हुकलं."
"हुकू दे. मोकळं होतं ते."
एवढंच. मग गुवाहाटीचं काहीतरी सांगत बसला,
सतरा वर्षांखालच्या मुली, पगार निम्मा,
भात चांगला भेटते म्हणे.

पाणी घ्यायला उठला आणि वाकलेलाच राहिला.
माठ ज्यावर ठेवलाय ती रिंग त्याला दिसली.
माठ उचलून त्यानं माझ्या हातात दिला,
ओल्या वितीनं ती मोजली, आडवी, मग उभी.
"साला, अजून बोटभर लहानच."

बाहेर ट्रॅक्टर काट्यावर चढत होता.
माठ माझ्या हातात, गच्च भरलेला,
आणि त्याला रिंग खाली ठेवायची काही घाई नव्हती.